अशी कोणी राहत नाही

खात्याला मी जास्वंदीचा फोटो लावला होता.
नाव : जास्वंद फॉल-पिको.
पत्ता : विक्रोळी. एवढंच.
मजला नाही, खोली नाही, आडनाव तर नाहीच,
ते बदलापूरलाच राहिलं
ओट्यावर, गॅसच्या लायटरशेजारी.

सात महिने बरे गेले.
मग एका मंगळवारी दुपारी
मोरपंखी साडीचा काठ मशीनखाली असताना
फोनने विचारलं, लग्न जुळवणाऱ्या मावशीच्या गोड आवाजात :
यांना तुम्ही ओळखत असाल.
आणि खाली तो.
पिवळा शर्ट. माझ्याच हातची इस्त्री.

मी काठ पुरा केला, दोरा तोडला,
मगच हात थरथरले.

ओळखत असाल, म्हणे.
जिन्यातल्या पावलांवरून मला कळायचं
आज ताट आपटणार की मी.

म्हणजे त्यालाही विचारलं असणार.
आणि त्याने फूल ओळखलं असणार,
दुहेरी पाकळीची ती गुलाबी जास्वंद, त्याच्या आईची,
निघताना एक फांदी मी ओल्या फडक्यात गुंडाळली होती.
त्या घरातून चोरलं ते तेवढंच.

मयुरीने, माझ्या भाचीने, कधीतरी कशाला तरी ‘होय’ दाबलं,
तशी तिच्या फोनमधली सगळी वही उठून चालू लागली :
मामा, दूधवाला, क्लासच्या बाई, आणि नव्या नंबरासकट मी,
कुठल्या तरी समुद्रापार, एका रांगेत.
कुणी विचारलं नाही, पायात चप्पल आहे का.

रात्री सेटिंग उघडून बसले.
कोण पाहू शकेल?
सगळे. मित्र. मित्रांचे मित्र. फक्त मी.
‘फक्त मी’वर बोट बराच वेळ थांबलं.
या नावाची खोली मला अजून कुणी भाड्याने दिलेली नाही.

खातं पुसून टाका, म्हटलं.
तीस दिवस थांबा, म्हणाले, मन बदललं तर?
घर सोडताना मला तीस मिनिटंही नव्हती.

फोटो तेव्हा कुठे नीट पाहिला.
फुलामागे समोरच्या टॉवरची टाकी,
टाकीवर निळ्या रंगात हातभर मोठा अंक.
मी आपली फूल बघत होते.

आमच्या एसआरएच्या सातव्या मजल्यावर चौदा दारं,
रात्री दहापर्यंत उघडी.
शेजारच्या कडलगबाईंना सगळं माहीत :
बोंबील कधी तळले, भाडं किती थकलं,
रात्री दोनला मी मशीन का चालवते
आणि मशीनच्या आवाजाखाली काय चालतं.
कोर्टाचं पाकीट त्यांनीच घेतलं होतं, मी नसताना,
गव्हाच्या डब्याखाली पालथं ठेवलेलं,
हातात देताना म्हणाल्या, लाइट बिल वाटतं.
इथे भिंती पातळ, म्हणून माणसं कान जाड करतात.

एकोणिसाव्या दिवशी तो आला.
लिफ्ट बंद होती.
तिसऱ्या मजल्यापासूनच मला पावलं कळली.
पॅडलवरचा पाय मी उचलला.

कडलगबाई दारात मेथी निवडत बसलेल्या.
फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती
आणि पाठीआड, डालड्याच्या डब्यात,
तीन कळ्या आलेली जास्वंद.

त्याने फोन पुढे धरला.
त्यांनी चष्मा लावला. फूल पाहिलं. निरखून, मन लावून,
एखाद्या नातवाचा फोटो पाहावा तसं.
टाच मागे सरकली, डबा दाराआड गेला.
“अशी कोणी राहत नाही हो इथं.
आणि फुलं काय, कुठंही लागतात.”

तो उभा राहिला. मेथीच्या काड्या तुटत राहिल्या, एकेक.
मग पावलं उतरली,
सात मजले मी मोजले.

त्या काही विचारायला आल्या नाहीत.
संध्याकाळी डबा जागेवर होता, माती ओली.

झोपताना फोन उजळला :
आम्हाला तुमची आठवण येते. परत यायचं का?
अजून अकरा दिवस होते.